चाक अस्सल हवे की हुबेहूब?

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या रॅलीत जुन्या मोटारी रस्त्यावर उतरतात, तेव्हा बघ्यांची गर्दी होते. अशा मेळाव्यांत १९६० च्या दशकातल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारही असतात. लोक गाडीचा रंग पाहतात, दिवे पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. अशा गाडीच्या मालकापुढे मात्र कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. कारखान्यातून गाडीबरोबर आलेली मूळ चाके तशीच वापरावीत, की ती जपून ठेवून अगदी तशीच दिसणारी नवी चाके बसवावीत?

हा तर हौशी श्रीमंतांचा प्रश्न, शिक्षकांच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. पण गाडीचा जुना दिवा फुटला तर अंधार होतो, आणि धावत्या गाडीचे चाक मोडले तर जीव जातो. उलट, एखादे दुर्मीळ मूळ चाक घासून, जोडून किंवा भंगारात घालून एकदा नष्ट केले की ते परत मिळत नाही. दोन्हीकडून न भरून येणारे नुकसान आहे. म्हणूनच या निवडीचा विचार भावनेने नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या आधाराने करायला हवा. त्यासाठी लागणारे विज्ञान शाळेत शिकवलेलेच आहे : दाब, ताण, उष्णतेने होणारे प्रसरण, जडत्व आणि धातूंची क्रियाशीलता.

शिवाय हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाही. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव हे गाव आहे. तिथल्या विद्यार्थ्याने जुनी स्पोर्ट्स कार बहुधा पाहिलेली नसेल. पण लाकडी चाकाची बैलगाडी आणि उसाची टायरगाडी या दोन्ही त्याच्या ओळखीच्या आहेत. या जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या कुटुंबाचे चाक मोडले, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. जुने चाक दुरुस्त करावे, तसेच नवे घडवून घ्यावे, की वेगळ्याच जातीचे चाक बसवावे, हा हिशेब या भागाने मोटारवाल्यांच्या कितीतरी आधी केलेला आहे. म्हणून आपण मोटारीचे चाक समजून घेताना बैलगाडीचे चाक सोबत ठेवू.

तीन शब्द आधी नीट करून घेऊ

गाडीबरोबर मुळात आलेले चाक ते अस्सल. त्याच मापाचे, त्याच घडणीचे, पण नव्याने केलेले ते हुबेहूब, म्हणजे प्रतिकृती. आणि तेच काम वेगळ्या रीतीने करणारे ते पर्यायी. बैलगाडीच्या बाबतीत आजोबांच्या वेळचे बाभळीचे चाक अस्सल. सुताराने त्याच मापाने घडवलेले नवे लाकडी चाक हुबेहूब. हवेच्या टायरचे चाक पर्यायी. बाजारात मात्र एक चौथा प्रकारही असतो : दिसायला हुबेहूब, पण मापाने, धातूने किंवा ताकदीने वेगळाच. खरा धोका या चौथ्या प्रकाराचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

उभे आरे आणि ताणलेले आरे

बैलगाडीच्या चाकाचे भाग सर्वांना ठाऊक आहेत. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि त्यांच्यावरून चढवलेली लोखंडी धाव. गाडीचे ओझे आसावरून तुंब्यावर येते आणि तुंब्याखालच्या आऱ्यांतून जमिनीत उतरते. म्हणजे लाकडी आरा खांबासारखा उभा राहून दाब सोसतो.

हे चाक घट्ट धरून ठेवण्याचे काम धाव करते. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवतात. ती गोवऱ्यांच्या जाळात तापवतात, फुगली की चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. किती फुगते ते पाहू. चाकाचा व्यास १.४ मीटर धरला तर घेर सुमारे ४.४ मीटर होतो. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढवले तर घेरात वाढ होते ४.४ × ०.००००१२ × ५०० = ०.०२६४ मीटर, म्हणजे जवळपास २६ मिलिमीटर. व्यासात सुमारे ८ मिलिमीटर. थंड होताना धाव हे सर्व परत मागते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा यांना एकमेकांत दाबून बसवते. एकही खिळा न ठोकता सांधे करकचून आवळले जातात.

तारेचे चाक याच्या नेमके उलट आहे. बारीक तार खांबासारखी उभी राहू शकत नाही. दाब आला की ती वाकते. पण ती ओढ उत्तम सोसते. ताणलेल्या दोऱ्यांचे चाक करता येईल, ही कल्पना इंग्लंडचे जॉर्ज केली यांनी १८०८ साली आपल्या टिपणवहीत मांडली होती. अशा चाकात सर्व तारा आधीच ताणून ठेवतात. ओझे आले की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकेच; तो शून्यावर येत नाही तोवर चाक खंबीर राहते. सायकलचे चाक याच तत्त्वाचे. पुढे स्पोर्ट्स कारनेही हेच चाक उचलले. एमजी टीसी (१९४५ ते १९४९) या मोटारीच्या चाकाला ४८ तारा होत्या, १९६२ साली आलेल्या एमजीबीच्या तारेच्या चाकाला ६०, तर १९६१ च्या जग्वार ई-टाइपच्या चाकाला ७२.

एकसंध ओतलेले चाक

तिसरी जात ओतीव चाकाची. बुगाटी कंपनीने १९२४ साली आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव चाके बसवली. यापुढची पायरी म्हणजे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची चाके. इंग्लंडच्या मिनी मोटारीसाठी निघालेली मिनिलाइट चाके त्यांत विशेष गाजली.

मॅग्नेशियम का, याचे उत्तर घनतेत आहे. दर घनसेंटिमीटरला लोखंडाचे वस्तुमान ७.८७ ग्रॅम, ॲल्युमिनियमचे २.७० आणि मॅग्नेशियमचे केवळ १.७४ ग्रॅम. ५ किलो मॅग्नेशियमचे चाक तेवढ्याच आकारमानात ॲल्युमिनियमचे केले तर पावणेआठ किलोच्या आसपास भरेल आणि लोखंडाचे केले तर साडेबावीस किलोच्या. (प्रत्यक्षात बळकट धातू पातळ वापरता येतो, म्हणून फरक थोडा कमी पडतो.)

चाकाचे वजन इतके का मोजायचे? एक तर चाक स्प्रिंगच्या खाली असते. खड्ड्यातून जाताना गाडीचा वरचा भाग स्प्रिंग सांभाळते, पण चाकाला स्वतःच वर उसळून लगेच खाली यावे लागते. जड चाक उशिरा खाली येते आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड सुटते. दुसरे असे की, चाक पुढेही जाते आणि फिरतेही. दोन्हीसाठी ऊर्जा लागते. फिरण्याच्या जडत्वाला, म्हणजे निरूढी परिबलाला, केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग लागतो. मोटारीच्या चाकाची धातूची कड टायरच्या बाहेरच्या कडेच्या मानाने साधारण ०.६ पट अंतरावर असते. ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणून कडेचा १ किलो धातू वेग घेताना सुमारे १.३६ किलोसारखा जाणवतो. बैलगाडीची धाव तर अगदी बाहेर, जमिनीला टेकूनच असते. तिचा १ किलो २ किलोंसारखा वागतो. बैलाची चाल संथ असल्यामुळे हा फरक तिथे फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

जुनेपणाचे दोन आजार

मूळ चाक पन्नास-साठ वर्षांचे झाले म्हणजे त्याला दोन आजार संभवतात. एक दिसतो, दुसरा दिसत नाही.

दिसणारा आजार गंजाचा. धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत मॅग्नेशियम फार वर आहे. त्याचे प्रमाण विद्युतविभव उणे २.३७ व्होल्ट, ॲल्युमिनियमचे उणे १.६६, लोखंडाचे उणे ०.४४. मॅग्नेशियमच्या चाकाला पोलादी बोल्ट लावले आणि त्यावर खारट ओल आली की छोटासा विद्युतघट तयार होतो. या घटात झिजते ते मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचे आकारमान मात्र ज्या धातूपासून ते बनले त्याच्या ०.८१ पटच असते. ते पृष्ठभाग पुरता झाकू शकत नाही. भेगा राहतात आणि गंज आत शिरतो. म्हणून मुंबईच्या खाऱ्या हवेत ठेवलेले चाक आणि बीडच्या कोरड्या हवेत ठेवलेले चाक यांचे म्हातारपण सारखे नसते. चाकाचे वय विचारताना ते कुठे राहिले हेही विचारावे.

न दिसणारा आजार थकव्याचा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. एरवी ओझे सहज पेलणारे आस अचानक का मोडतात, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी १८५० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांतून दिसले ते असे : एका खेपेला धातू मोडायला जेवढे बल लागते त्यापेक्षा पुष्कळ कमी बल लाखो वेळा आलटून-पालटून लावले, तरी धातू मोडतो. आत केसाहून बारीक तडा सुरू होतो, प्रत्येक फेऱ्याला किंचित वाढतो आणि उरलेला धातू अपुरा पडला की एका क्षणात तुकडा पडतो.

मोटारीच्या चाकाला असे किती फेरे सोसावे लागतात? टायरचा बाहेरचा व्यास ५८ सेंटिमीटर धरला तर घेर सुमारे १.८२ मीटर. दर किलोमीटरला सुमारे ५५० फेरे. गाडी ६०,००० किलोमीटर चालली असेल तर चाकाचे ३ कोटी ३० लाख फेरे झाले. बैलगाडी दिवसाला १० किलोमीटर आणि वर्षातून २०० दिवस चालली, तर ४.४ मीटर घेराच्या चाकाचे वर्षाला साडेचार लाख फेरे होतात. म्हणजे मोटारीच्या चाकाएवढे फेरे व्हायला तिला सत्तरहून अधिक वर्षे लागतील.

आता बल पाहू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलो धरले तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३०० किलो येतात. ३० मीटर त्रिज्येचे वळण सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने घेतले, तर त्वरण १५ × १५ ÷ ३० = ७.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. प्रत्येक चाकावर आडवे बल ३०० × ७.५ = २२५० न्यूटन. हे बल टायरच्या तळाशी, चाकाच्या केंद्रापासून २९ सेंटिमीटरवर लागते. म्हणून चाक वाकवू पाहणारे परिबल सुमारे ६५० न्यूटन-मीटर होते. भिंतीत पक्क्या बसवलेल्या एक मीटर लांब पहारीच्या टोकाला ६५ किलोचा माणूस लटकला, म्हणजे पहार जेवढी वाकू पाहील तेवढे. शिवाय वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकांना यापेक्षा अधिक सोसावे लागते. चाक फिरत असल्यामुळे आरीचा जो भाग आता ओढला जातो तोच अर्ध्या फेऱ्याने दाबला जातो.

पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचे बल कितीही फेरे लावले तरी सहसा तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंबाबतही तिच्यावर विसंबून चालत नाही. ओतीव धातूत बारीक पोकळ्या असल्या की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याची नोंद धातूच्या आत होत असते. चकचकीत रंगाने ती पुसली जात नाही आणि गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली म्हणून कमीही होत नाही. गाडी आज वर्षाला शंभर किलोमीटरच चालते, हे खरे असले तरी चाकाने तरुणपणी काय सोसले याचे ते उत्तर नव्हे.

टिचकी, रंग आणि क्ष-किरण

मडके घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडकलेले. रेल्वेत पूर्वी याच रीतीने हातोडीने चाके ठोकून पाहत. ही परीक्षा आजही उपयोगी आहे. पण ती मोठा तडा पकडते, बारीक नव्हे.

त्याहून बरी रीत रंगाची. चाकाचा सगळा रंग उतरवून, धातू स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात. तो केशाकर्षणाने तड्यात शिरतो. थोड्या वेळाने पृष्ठभाग पुसून वर पांढरी भुकटी फवारतात. तड्यातला रंग भुकटीत शोषला जातो आणि लाल रेघ उमटते. पृष्ठभागाखालच्या पोकळ्या पाहायच्या तर क्ष-किरण हवेत. तारेच्या चाकात प्रत्येक तार वाजवून पाहावी. सैल तार वेगळा सूर देते, आणि सैल तारांत दर फेऱ्याला चढउतार जास्त होत असल्याने त्या लवकर तुटतात.

या सर्व परीक्षांची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. त्या आज असलेला तडा दाखवतात. तडा उद्या सुरू होणार असेल तर तो दाखवू शकत नाहीत. परीक्षेत उतरलेले जुने चाक म्हणजे तडा न सापडलेले चाक. नवे चाक नव्हे.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. मॅग्नेशियमची फीत आपण वर्गात जाळून दाखवतो. जाड चाक तसे सहजी पेटत नाही, कारण उष्णता धातूतून पसरून जाते. पण चाक घासताना उडणारा कीस आणि भुकटी मात्र पेटू शकते आणि त्यावर पाणी मारले तर हायड्रोजन निघून आग भडकते. म्हणून मॅग्नेशियमचे चाक घरच्या यंत्रावर घासू नये.

हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब?

प्रतिकृती म्हणजे लबाडी, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. सुताराने जुन्या चाकाच्या मापाने नवे चाक घडवले तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही. नवे ॲल्युमिनियमचे ओतीव चाक आज नियंत्रित उष्णतासंस्कार देऊन आणि क्ष-किरणांनी तपासून तयार करता येते. ते मूळ चाकापेक्षा थोडे जड, पण अधिक विश्वासाचे असू शकते. अट एकच : सारखेपणा डोळ्यांना दिसतो तेवढ्यावर थांबता कामा नये.

मिनीचेच उदाहरण घेऊ. तिचे चाक ज्या चार बोल्टांवर बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ४ इंच आहे. पुढच्या काळातल्या अनेक मोटारींत हाच व्यास १०० मिलिमीटर ठेवलेला आढळतो. फरक फक्त १.६ मिलिमीटर. १०० चे चाक मिनीवर जोर लावून बसवता येते. नट आवळले जातात आणि सर्व ठीक दिसते. पण प्रत्येक बोल्ट ०.८ मिलिमीटर वाकवलेल्या स्थितीत राहतो, नटाची बैठक पूर्ण टेकत नाही आणि दर फेऱ्याला बोल्टालाच थकवा येतो. डोळ्यांना न दिसणारा हा मिलिमीटरभराचा फरकच पुढे घात करतो.

दुसरे माप ऑफसेटचे. चाक जिथे गाडीला टेकते ती पातळी आणि चाकाच्या रुंदीचा मध्य यांतले हे अंतर. ते बदलले की चाक बाहेर किंवा आत सरकते, बेअरिंगवरचे परिबल बदलते आणि स्टिअरिंगची वागणूकही बदलते. तिसरी गोष्ट भाराची. चाकावर कमाल भार कोरलेला असावा आणि तो आपल्या गाडीला पुरेसा असावा. चौथी परीक्षेची. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत चाकांच्या अशा चाचण्या होतात : वळणावरच्यासारखे वाकवणारे बल लावून फिरवणे, सरळ भाराखाली लाखो फेरे फिरवणे आणि वरून वजन टाकून आघात करणे. चाचणीचा पुरावा नसलेले चाक कितीही सुबक असले तरी ते शोभेचे समजावे.

कोणते चाक दुरुस्त होते?

या प्रश्नातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा आहे. लाकडी चाक आणि तारेचे चाक ही जोडून केलेली चाके आहेत. एक आरा मोडला तर तेवढा बदलता येतो; धाव सैल झाली तर कापून, जोडून पुन्हा चढवता येते. तारेच्या चाकातही मधला तुंबा अस्सल ठेवून तारा आणि कड नवी घालता येते. मात्र तुंब्याच्या आतले दाते झिजलेले नसावेत. ते झिजले असतील तर तोही बदलावा लागतो. अशा चाकांच्या बाबतीत ‘अस्सल की नवे’ हा प्रश्न पूर्ण होय किंवा पूर्ण नाही असा नसतो. अर्धे चाक जुने आणि अर्धे नवे राहूनही ते इमानी असू शकते.

येथेही एक खबरदारी घ्यावी लागते. जुन्या तारा चमकाव्यात म्हणून त्यांना पुन्हा क्रोमचा मुलामा देण्याचा मोह होतो. मुलामा देताना निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. मुलाम्यानंतर लगेच तारा ठरावीक तापमानाला भट्टीत ठेवून हा वायू बाहेर काढला नाही, तर चमकणारी तार गंजक्या तारेपेक्षा धोक्याची ठरते. त्यापेक्षा नव्या तारा घालाव्यात.

ओतीव चाक मात्र एकसंध असते. त्याला तडा गेला तर वेल्डिंगने तो बुजवता येतो, पण आजूबाजूच्या धातूवरचा उष्णतासंस्कार बिघडतो आणि नवा दुबळा भाग तयार होतो. तडकलेल्या ओतीव चाकाची दुरुस्ती करून ते रस्त्यावर आणणे आमच्या मते सर्वथा अयोग्य होय. त्याची जागा कपाटात.

कायदा आणि सचोटी

भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात जपलेले आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन या नोंदणीस पात्र ठरते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठी ते रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. या व्याख्येत चाकांचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे सुरक्षित प्रतिकृती बसवली म्हणून गाडीचे जुनेपण लगेच बुडत नाही.

सचोटीचा प्रश्न मात्र उरतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोख असा आहे की, जे बदलले त्याची नोंद ठेवावी आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा. प्रतिकृती चाकाच्या आतल्या बाजूस वर्ष कोरून ठेवले की पुढच्या मालकाची फसवणूक होत नाही. प्रतिकृतीला अस्सल म्हणून विकणे, लबाडी ती.

मग निवड कशी करावी?

तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. चाक कोणत्या जातीचे आहे : जोडून केलेले की एकसंध? त्याने काय सोसले आहे, आणि कोणत्या हवेत? आणि आता त्याच्याकडून कोणते काम हवे आहे : धावण्याचे की साक्ष देण्याचे?

तारेचे चाक असेल, तुंबा चांगला असेल, तर नव्या तारा घालून तेच वापरावे. पोलादी पत्र्याचे मूळ चाक गंजलेले नसेल आणि तपासणीत उतरले असेल, तर तेही चालेल. मॅग्नेशियमचे जुने ओतीव चाक मात्र कितीही देखणे असले तरी जपून ठेवावे. त्यावरचे ओतशाळेचे शिक्के आणि आकडे रंगाखाली झाकू नयेत, आणि ते कोरड्या जागी ठेवावे. धावण्यासाठी मापाने, भाराने आणि चाचणीने सिद्ध झालेली प्रतिकृती वापरावी. अस्सल चाक जपले म्हणूनच उद्या कोणाला खरी प्रतिकृती करता येईल, हेही विसरू नये. मापे शेवटी त्याच्याकडूनच घ्यायची असतात.

बैलगाडीने यापेक्षा वेगळी वाट घेतली. तिथे हुबेहूब चाक मागे पडले आणि पर्यायी चाक आले. अरुंद धाव ओल्या काळ्या मातीत रुतते. रुंद टायर तेच ओझे मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो, म्हणून दाब कमी पडतो आणि बैलांना ओढ हलकी जाते. ही निवड योग्यच होती. पण तिच्याबरोबर चाक घडवणारे सुतार आणि धाव चढवणारे लोहार यांचे काम कमी झाले. चाक हरवले तर दुसरे सापडेल. ते घडवण्याची रीत हरवली तर उरलेल्या चाकांची दुरुस्तीही थांबेल.

वर्गात करण्यासारखे

१. कागदाची टाचपिन सरळ करून ९० अंशांत पुढे-मागे वाकवा आणि किती वेळांत तुटते ते मोजा. मग दुसरी पिन ४५ अंशांत वाकवा. प्रत्येक कोनासाठी दहा पिना घेऊन सरासरी काढा आणि आलेख काढा. व्होलर यांच्या आलेखाचा हा धाकटा भाऊ होय. एकाच कोनासाठीही आकडे का वेगवेगळे येतात, यावर चर्चा करा.

२. केसासारखी चीर गेलेला चिनी मातीचा कप घ्या. चिरेवर शाई लावून पाच मिनिटांनी पुसा. चीर किती लांब आहे ते आता दिसेल.

३. सायकलच्या चाकाच्या तारा पेन्सिलीने वाजवा. सैल तार आवाजावरून ओळखा. मग सायकलवर एकाला बसवून अगदी खालची तार पुन्हा वाजवा आणि सूर उतरतो का ते ऐका.

४. गावातल्या चाकांची पाहणी करा. युसूफ वडगाव असो की दुसरे कोणते गाव, लाकडी, लोखंडी आणि टायरची चाके किती, ती कोणत्या वर्षीची, कोणी घडवली, कोणता भाग कधी बदलला, याचा तक्ता करा. जुन्या लाकडी चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, तुंब्याची लांबी आणि धावेची रुंदी मोजून चित्रासह वहीत उतरवा. गावात धाव चढवलेली पाहिलेले कोणी वडीलधारे असतील तर धाव किती कमी घेराची ठेवत, हे त्यांना विचारा आणि वरच्या गणिताशी ताडून पाहा.